गाव वाढलं, हायस्कूल भरलं, पण गावचीच मुलं व्हॅनने बाहेर. लेकीला आठवीला कुठे घालू?

ओसरी
लेक यंदा सातवी पूर्ण करेल. पहिलीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि ती शाळा सातवीपर्यंतच. पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे गावातलं अनुदानित हायस्कूल, घरापासून चालत दहा मिनिटांवर. यजमान, दीर, नणंदा सगळे तिथेच शिकले. दुसरी म्हणजे चौदा किलोमीटरवरची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. तिची व्हॅन सकाळी सव्वासातला आमच्या पारापाशी येते.

पंधरा वर्षांपूर्वी हायस्कूलचा पट अडीचशेच्या आसपास होता. औद्योगिक वसाहत आली, रानारानांतून भाड्याच्या खोल्या उठल्या आणि आता पट सातशेच्या पुढे गेलाय. आठवीच्या एका तुकडीत बहात्तर मुलं आहेत. विज्ञानाची एक जागा दोन वर्षं रिकामी. आणि गावातल्या जुन्या घरांमधली जवळजवळ सगळी मुलं त्या व्हॅनमध्ये. कारण विचारलं की उत्तर एकच, "तिथं आता बाहेरची पोरं आहेत."

हे ऐकलं की मला लागतं, कारण माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण परभणीकडची आहे. तिचे वडील कंपनीत कंत्राटी कामगार. ती तर हायस्कूललाच जाणार. लेक म्हणते, मी पण तिथेच जाणार. घरातले म्हणतात, तुझ्या हट्टापायी पोरीचं नुकसान करू नकोस. तुम्ही काय कराल? अशा हायस्कुलात शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा.

शेवटचा बाक
सातवीपर्यंत मराठी माध्यम आणि आठवीला एकदम पूर्ण इंग्रजी? माझ्या भावाच्या बाबतीत हे झालंय. पहिले सहा महिने पोरगा वर्गात तोंड उघडत नव्हता. गणित उत्तम होतं त्याचं, पण प्रश्नच कळेना. बाकी काही ठरवा, हा एक मुद्दा आधी तपासा.

रानजाई
हायस्कूलला सेमी आहे का? सेमी असेल, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर अकरावीला सायन्स घेताना फार अडत नाही. मी त्याच वाटेने गेले, आज फार्मसिस्ट आहे.

ओसरी
@रानजाई, एका तुकडीला सेमी आहे. पण विज्ञानाची रिकामी जागा नेमकी तिथलीच.

खडूवाला
ताई, मी अशाच एका हायस्कुलात बावीस वर्षं शिकवतोय. गाव वेगळं, चित्र तेच. मुलं इतकी आणि शिक्षक कमी असं का होतं, ते आधी सांगतो. नाहीतर सगळा राग मुख्याध्यापकांवर निघतो.

अनुदानित शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं. ३० सप्टेंबरला पटावर जी मुलं असतील, आणि त्यातही ज्यांचं आधार पडताळून झालं असेल, ती मोजली जातात. आता तुमच्या गावासारख्या ठिकाणचं बघा. कामगार कुटुंब दसरा-दिवाळीला येतं, मूल नोव्हेंबरमध्ये वर्गात बसतं. त्याला आम्ही शिकवतो, पण मोजणीत ते नाही. दुसरं मूल जूनमध्ये आलं, पण आधारवरचं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं. तेही मोजणीत नाही. तिसऱ्याला आधीच्या शाळेने शासनाच्या ऑनलाइन नोंदीतून सोडलेलंच नसतं, म्हणून ते आमच्याकडे चढत नाही. बरं, मोजणी झाली, पदं मंजूर झाली, तरी भरतीची जाहिरात येऊन माणूस उभा राहीपर्यंत आणखी दोन-तीन तुकड्या दहावी होऊन जातात. ज्या गावाचा पट स्थिर असतो तिथे हे जाणवत नाही. वाढत्या गावातली शाळा मात्र कायम मागच्या वर्षाच्या मापाचे कपडे घालून फिरते.

त्यात २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने भरती थांबली होती ती बरीच वर्षं. पुढे शिक्षक भरतीसाठी शासनाचं पवित्र पोर्टल आलं. त्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा अजून पूर्ण भरलेल्या नाहीत. आमच्याकडे भूगोलाच्या बाई तीन वर्षं इतिहास, हिंदी आणि कार्यानुभव शिकवत होत्या, तेही मन लावून.

तेव्हा "शिक्षक नाहीत" आणि "शिक्षक वाईट आहेत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत जाऊन बघा, त्यातली कोणती खरी आहे ते.

माळावरचा
सर, पटलं. पण पालकाने त्याचं काय करायचं? माझ्या पोराची दहावी एकदाच येणार. संचमान्यता सुधारेपर्यंत तो थांबणार आहे का? मी माझा मुलगा बाहेर घातला आणि मला त्याची खंत नाही. बहात्तर मुलांच्या वर्गात मास्तर देव असला तरी काय करेल? सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो.

आणि "बाहेरची पोरं" हा माझा मुद्दा नव्हता आणि नाही. मुलींचं एक स्वच्छतागृह बंद आणि दुसऱ्याला कडी नाही, हा मुद्दा होता. मला दोन मुली असत्या तर अजून लवकर निर्णय घेतला असता.

खडूवाला
@माळावरचा, तुमचा राग रास्त आहे. स्वच्छतागृहाचंही कारण सांगतो, सबब म्हणून नव्हे. डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाचं पद निवृत्तीनंतर भरायचं नाही, त्याऐवजी शिपाई भत्ता द्यायचा, असं ठरलं. त्या भत्त्यात सातशे मुलांची शाळा दिवसभर साफ ठेवणारा माणूस मिळत नाही. आमच्याकडे सकाळी कुलूप मी उघडतो.

पारावरचे काका
तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा आहे म्हणून थोडं जुनं सांगतो.

आमच्या भागात हायस्कूल नव्हतं तेव्हा मी रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकलो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी संस्था काढली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा, हे मला तिथल्या स्वयंपाकघरात बसून कळलं. आमच्यातली निम्मी पोरं परगावची होती. कोण कुठला हे पंगतीत विचारायची सोय नव्हती. मी पाटलाच्या घरचा, माझ्या एका बाजूला कुंभाराचा आणि दुसऱ्या बाजूला मांगाचा मुलगा, तिघांनी मिळून विहिरीवरून पाणी आणायचं.

पुढे आमच्या गावानं हायस्कूल उभं केलं. एकानं दीड एकर रान दिलं, बाकीच्यांनी दगड वाहिले. माझी आई डोक्यावरून वाळू आणायची. भिंती अर्ध्यावर आल्या तेव्हा पाऊस लागला आणि पहिली आठवी मारुतीच्या देवळात भरली. त्या आठवीत तेरा मुलं होती, त्यात मुलगी एकच.

आता त्याच शाळेसमोरून माझा नातू व्हॅनमधून जातो. मी सुनेला काही बोललो नाही, तिलाही तिच्या काळज्या आहेत. पण व्हॅन गेली की मी थोडा वेळ पारावरून उठत नाही.

रानजाई
काका, देवळातली आठवी डोळ्यांसमोर उभी राहिली. ती एक मुलगी पुढे काय झाली?

पारावरचे काका
नर्स झाली बाळ. तालुक्याच्या दवाखान्यातून निवृत्त झाली. तिच्या निवृत्तीला त्या आठवीतले बाराहीजण आले होते, तेरावी तीच.

गोदाकाठ
थोडं विषयांतर. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की संस्थेचं, पण आमच्या मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या प्रशाला आहेत, दहावीपर्यंतच्या. निजामाच्या राज्यात शाळा सरकारी होत्या, त्यांतल्या अनेक पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. माझी प्रशाला दगडी कमानीची होती, वर्गात हिवाळ्यात शाल लागायची. आमच्याकडे उलटं झालंय. गाव रिकामं होतं, पट कमी होतो, शिक्षक अतिरिक्त ठरतात. ओसरीताईंच्या लेकीची परभणीची मैत्रीण ही आमच्या पटावरून गेलेली आणि तुमच्या पटावर न चढलेली मुलगी असू शकते.

ओसरी
@गोदाकाठ, हे वाचून चर्र झालं. तिच्या आईला आज विचारलं. खरंच, आधीच्या शाळेने ऑनलाइन सोडलेलं नाही अजून. दोन वर्षं झाली.

खडूवाला
मुख्याध्यापकांना सांगा, जुन्या शाळेला लेखी मागणी पाठवा आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे. बसू द्यावंच लागतं.

दुसरी पाळी
मी त्या "बाहेरच्यांपैकी" आहे. लातूरहून आलो, अकरा वर्षं झाली. रात्री साडेबाराला कामावरून येतो, म्हणून उशिरा लिहितोय.

माझी दोन्ही मुलं अशाच हायस्कुलात. मोठा नववीत, धाकटी सहावीत. आम्हाला दुसरी शाळा परवडत नाही हे खरं आहे. पण परवडली असती तर सोडली असती का, याचं उत्तर मला देता येत नाही, कारण पोराला तिथले गणिताचे सर आवडतात. सर शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबतात. लाइट गेली तर व्हरांड्यात घेतात.

एक गोष्ट मात्र बोलायचीय. शाळेची काही अडचण असली तर सगळे म्हणतात ग्रामसभेत मांडा. ग्रामसभा मतदारांची असते. माझं मत लातूरला आहे, कारण तिथे आई आहे, तिथे दोन एकर आहे. म्हणजे ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना ग्रामसभेत बसता येत नाही, आणि ग्रामसभेत बसतात त्यांची मुलं त्या शाळेत नाहीत. कडी कोण बसवणार?

अनुस्वार
दादा, धाग्याचा गाभाच मांडलात तुम्ही. दोनदा वाचलं.

माळावरचा
@दुसरी पाळी, खरं सांगतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ग्रामसभेला दरवेळी जातो. पाणी, रस्ता, गटार, सगळं बोलतो. शाळेबद्दल गेल्या चार वर्षांत एकदाही बोललो नाही, कारण पोरगा तिथे नाही. येत्या सभेत कडीचा विषय मी काढतो. आमच्याच गावातला, पण काढतो.

तिफण
@दुसरी पाळी, एक जागा आहे जिथे मतदार यादी विचारत नाहीत. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. मूल पटावर असणं एवढीच पात्रता. तुमची धाकटी सहावीत आहे, म्हणजे तुम्ही किंवा वहिनी उभे राहू शकता.

एक खोच आहे. अनुदानित खासगी शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, तिला आदेश देता येत नाही. तरी इतिवृत्तात "मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही" असं सहीनिशी एकदा आलं की ते वाक्य पुसता येत नाही. माझ्या पत्नीने एवढ्यावरच पाण्याची टाकी बदलून घेतली होती. सलग तीन बैठकांत तोच विषय, त्याच शब्दांत.

शेवटचा बाक
वहिनींना माझा दंडवत. तीन बैठका तोच विषय म्हणजे आमच्या मराठीच्या बाईंची आठवण झाली. त्या शुद्धलेखन चुकलं की तोच परिच्छेद तीन वेळा लिहून घ्यायच्या. अजून "परिस्थिती" लिहिताना हात थांबतो.

रानजाई
😄 "आशीर्वाद"सुद्धा! आमच्या अर्ध्या वर्गाने रफार चुकीच्या अक्षरावर दिला होता.

मोजपट्टी
मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आहे, सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं काम माझ्याकडे आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्या असंही कायदा म्हणतो. तेव्हा वसाहतीशेजारच्या हायस्कूलने अर्ज न करणं हे नुकसानच.

पण शाळा मागतात काय? संगणक. आणि कंपन्यांनाही द्यायला तेच आवडतं, कारण खोलीवर पाटी लावता येते. दोन वर्षांनी गेलो की संगणकांवर कापड टाकलेलं असतं, वीजबिल भरायला पैसे नसतात. मागच्या वर्षी एका मुख्याध्यापिकेने आमच्याकडे संगणक मागितले नाहीत. त्यांनी मागितलं ते असं: विज्ञानाच्या एका शिक्षकाचं दोन वर्षांचं मानधन आणि स्वच्छता करणाऱ्या एका बाईंचा पगार. आमच्या समितीत बरीच चर्चा झाली, शेवटी मंजूर झालं. मी आजवर केलेल्या कामातलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ओसरीताई, तुमच्या मुख्याध्यापकांना हे नक्की सांगा.

माळावरचा
मोजपट्टी, मानधनावरचा शिक्षक दोन वर्षांनी गेला की पुढे काय? शासनाचं काम कंपनीने करायचं आणि शासनाने हात झटकायचे, हे मला धोक्याचं वाटतं.

मोजपट्टी
धोका आहे, मान्य. म्हणूनच मंजुरीपत्रात अट घातली की त्या काळात रिक्त पदाची मागणी शाळेने दर वर्षी लेखी करायची आणि प्रत आम्हाला द्यायची. तोवर त्या दोन वर्षांतल्या मुलांना विज्ञान तरी शिकायला मिळालं.

अनुस्वार
मूळ प्रश्नाकडे येते. पैशांचा हिशेब कोणी मांडलाच नाही. माझा अनुभव लिहिते, कदाचित उपयोग होईल.

आमच्या शेजारच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत पहिलीला जागा मिळाली होती. आठवीपर्यंत फी नाही, घरचे निर्धास्त. नववीला शाळेने पूर्ण फी मागितली, कारण कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. वडील रिक्षा चालवतात. मुलगा नववीला गावच्या हायस्कुलात आला, इंग्रजी माध्यमातून मराठी माध्यमात. त्याचे हाल शब्दांत सांगता येत नाहीत. दोन्हीकडून मार.

आणि आता हायस्कूलच्या बाजूची गोष्ट. एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतलं मूल बसूच शकत नाही. अटी: सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. माझ्या भाचीला मिळाली, त्यातून तिची बारावीपर्यंतची पुस्तकं आणि सायकल झाली.

दुसरी पाळी
ही परीक्षा माझ्या मोठ्याने दिलीच नाही. आम्हाला माहीतच नव्हती. धाकटीच्या वेळी चुकवणार नाही. धन्यवाद ताई, मनापासून.

खडूवाला
@दुसरी पाळी, ही चूक शाळेची, तुमची नाही. एका शिक्षकाकडे चार विषय असले की पहिल्यांदा अशाच गोष्टी सुटतात. मी आमच्याकडे जुलैपासून शनिवारी सराव घेतो. मागच्या खेपेला आमची सहा मुलं लागली, त्यातली चार खोल्यांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांतली. एकाचा अभ्यास गिरणीच्या ओट्यावर झाला, कारण घरी पाच माणसं आणि एकच खोली.

गोदाकाठ
गावात अभ्यासिका नाही का? संध्याकाळी शाळेचीच एक खोली उघडी ठेवली तर?

तिफण
वीज, वॉचमन, मुलींना घरी सोडणं, तीनही प्रश्न सोडवावे लागतात. आमच्याकडे पालकांनीच आळीपाळीने दोन-दोन जण बसायचं ठरवलं. सात ते नऊ. परीक्षेच्या महिन्यांत चालतं, शेतीची कामं आली की ढिलं पडतं. तरी चालू आहे.

ओसरी
सगळ्यांचे आभार. आज शाळेत जाऊन आले, यजमानांना घेऊन. दोन तास थांबलो.

जे पाहिलं ते लिहिते. वर्ग खरंच गच्च आहेत, तिघी एका बाकावर. प्रयोगशाळेच्या कपाटाची काच फुटकी आहे, पण नववीचे गट लिटमस कागद घेऊन काम करत होते. इंग्रजीच्या बाई तासाला उशिरा आल्या, ते आवडलं नाही. गणिताच्या सरांचा तास मागच्या दारातून पाहिला. एका मुलाला मराठी येत नव्हतं, शेजारची मुलगी त्याला हळू आवाजात हिंदीतून सांगत होती आणि सर तिला थांबवत नव्हते. यजमान बाहेर येऊन गप्प होते. मग म्हणाले, "मला आठवीत बीजगणित असंच बाकावरच्या सोबत्यानं शिकवलं होतं."

मुख्याध्यापकांना मोजपट्टींचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले, मागणीपत्र कसं लिहायचं ते कोणी दाखवलं तर आजच लिहितो. विज्ञानाची जागा कधी भरेल, हे त्यांनी खोटं सांगितलं नाही. माहीत नाही म्हणाले.

लेकीला इथेच घालतोय. विज्ञानासाठी पहिले सहा महिने मी आणि माझा भाऊ घरी बघू, मैत्रिणीसकट. सासूबाई अजून नाराज आहेत. समितीसाठी मी नाव देतेय, परभणीच्या ताईंनाही तयार केलंय. त्या म्हणाल्या, "मला बोलता येत नाही सभेत." मी म्हटलं, कडीचं तेवढं बोला, बाकीचं मी बोलते.

मोजपट्टी
मागणीपत्राचा नमुना तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. शाळेचा यूडायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक) आणि रिक्त पदांची यादी हाताशी ठेवा.

माळावरचा
ताई, तुमच्या निर्णयाशी मी अजून पूर्ण सहमत नाही, पण तुम्ही जाऊन बघितलंत, मी बघितलंही नव्हतं. ग्रामसभेचं इथेच कळवतो.

पारावरचे काका
पोरीला आशीर्वाद. रफार बरोबर दिलाय का बघा गं.

रानजाई
बरोबर आहे काका 🙏

खडूवाला
ओसरीताई, एक व्यवहाराचं. सातवीचा दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख. तीनही आधारशी अक्षर न अक्षर जुळवा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मैत्रिणीचाही तसाच बघा, आणि दोघींचं काम ३० सप्टेंबरच्या आत होऊ द्या.